‘जिन’ : उच्चार एक, कुळे तीन

दिवाळी सरली की संग्रामपूर तालुक्यातील कापसाच्या गाड्या जिनकडे वळू लागतात. सकाळी मंदिरात जिनदर्शन घ्यावे आणि पेढीवर येताच ‘माल जिनवर पोहोचला का?’ असे विचारावे, हा आपल्यापैकी अनेकांचा नित्यक्रम. हे दोन्ही ‘जिन’ एकच का, असे घरातील एखाद्या मुलाने विचारले तर काय सांगावे?

आपला ‘जिन’ संस्कृत ‘जि’ म्हणजे जिंकणे या धातूपासून आला. राग-द्वेषादी अंतःशत्रूंना जिंकणारा तो जिन. कारखान्याचा ‘जिन’ इंग्रजी असून ‘इंजिन’ शब्दाचे ते संक्षिप्त रूप आहे. त्याचे मूळ लॅटिन ‘इंजेनियम’, अर्थात उपजत बुद्धी. मद्यवाचक ‘जिन’ तिसऱ्याच घराण्यातला. त्या मद्याला ज्युनिपर झुडपाच्या फळांचा स्वाद असतो आणि त्या झुडपाचेच नाव डच भाषेतून इंग्रजीत येताना असे आखूड झाले.

यंत्रवाचक ‘जिन’चा इंग्रजीत आणखी एक जुना अर्थ आहे : पशुपक्षी पकडण्याचा फासा. एकाच बुद्धीतून यंत्रही निघाले आणि फासाही. आपल्या ‘युक्ती’ शब्दालाही अशीच दुहेरी धार आहे.

इतिहासात हे दोन्ही अर्थ एकत्र आले. अमेरिकेत एली व्हिटनी यांनी १७९३ मध्ये सरकी वेगळी करणारे यंत्र बनविले. त्यामुळे श्रम हलके व्हावेत, पण घडले उलटेच. कापूस फायद्याचा होताच लागवड वाढली आणि ती करण्यासाठी गुलामांची मागणीही वाढली. १७९० मध्ये तेथे सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ही संख्या ४० लाखांच्या जवळ गेली. पुढे १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, अमेरिकेचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वे आली. आपल्या भागातील कापूस-व्यापाराच्या भरभराटीमागे हाही इतिहास आहे.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ आणि ‘अतिभारारोपण’ यांची गणना होते. म्हणजे जिवाला बांधून ठेवणे आणि त्याच्यावर शक्तीबाहेर भार लादणे. शेतकऱ्याचे माप चोख ठेवणे, उचलीच्या पैशाने कोणाला जखडून न ठेवणे, जिनमधील मजुराला वेळेवर विसावा व मजुरी देणे, हे त्या व्रताचे पेढीवरील रूप होय. जिनमध्ये रुई आणि सरकी वेगळी करण्याचे काम यंत्र करते. त्या यंत्राचा फासा होऊ न देणे मात्र मालकाच्या हाती असते.