भगर शिजली म्हणजे निर्धोक झाली?

नवरात्र तोंडावर आले की किराणा दुकानांत भगरीची पोती पुढे येतात. त्याच सुमारास आमच्याकडे उलट्या, चक्कर, अंगाला कंप अशी तक्रार घेऊन रुग्ण येऊ लागतात. ‘उपवासाने पित्त झालं,’ असे नातेवाईक सांगतात. काय खाल्ले विचारले, तर भगर किंवा भगरीच्या पिठाची भाकरी.

भगर म्हणजे वरई. आपल्या अकोले तालुक्यात डोंगरउतारावर ती पिकते. धान्य म्हणून ती उत्तमच, दोष साठवणुकीचा. दमट हवेत तिच्यावर अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढते आणि फ्युमिगाक्लेविनसारखी विषे तयार करते. घरोघरी समज मात्र एकच, नीट शिजवली की झाले. शिजवल्याने बुरशी मरते, तिचे विष मागे राहू शकते. पिठात धोका जास्त, कारण पीठ लवकर ओल धरते आणि दळल्यावर खराब दाणा ओळखू येत नाही. म्हणून सुटे पीठ आणूच नये. पाकीटबंद भगर घ्यावी, तारीख पाहावी, निवडून, धुऊन, उन्हात वाळवून दोन दिवसांपुरतीच दळावी. कुबट शेंगदाण्यांनाही हाच न्याय.

दुसरा शत्रू म्हणजे वेळ. 20 फेब्रुवारी 2024 रोजी बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा येथे सप्ताहात एकादशीची भगर-आमटी खाऊन दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. झाडांना दोऱ्या बांधून सलाइन लावावे लागले. मोठ्या पंगतीचे अन्न झाकलेल्या पातेल्यात तासन् तास कोमट राहते. 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. त्यामुळे शिजल्यापासून दोन तासांत पंगत उठावी. वास आला नाही म्हणजे अन्न चांगले, असे नाही. आणि स्टॅफिलोकोकस जंतूचे विष पुन्हा उकळूनही जात नाही.

उलट्या-जुलाब सुरू झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावे. (उपवासाला साधे मीठ नको म्हणणाऱ्या आजींना सैंधव चालेल.) कंप, गुंगी, लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले, किंवा रुग्ण लहान मूल अथवा गरोदर स्त्री असेल, तर थांबू नका. येताना उरलेली भगर आणि तिचे पाकीट सोबत आणा. लोक ते आधी फेकून देतात आणि तपासणीला नेमके तेच लागते.