लपूनछपून देश सोडायला नकार देणारा सोव्हिएत आईस हॉकीचा कॅप्टन

सोव्हिएत रशियात आईस हॉकी म्हणजे निव्वळ खेळ नव्हता, ती सरकारी नोकरी होती. मॉस्कोचा सीएसकेए हा तिथला सगळ्यात तगडा क्लब थेट सैन्याचा. देशात कुठंही चांगला पोरगा दिसला की लष्करी सेवेच्या नावाखाली त्याला इथं आणता यायचं.

१९५८ साली जन्मलेला व्याचेस्लाव उर्फ स्लावा फेतिसोव्ह या टीमचा कॅप्टन आणि कागदोपत्री सैन्यात मेजर. बचावपटू असूनही गोल करण्यात पुढे. १९८४ आणि १९८८ अशी ऑलिंपिकची दोन गोल्ड मेडल त्याच्या नावावर. पण घरी जायची चोरी. कोच व्हिक्टर तिखोनोव्ह लग्न झालेल्या खेळाडूंनाही वर्षातले बरेचसे महिने कॅम्पमध्येच डांबून ठेवायचे.

इकडे अमेरिकेच्या न्यू जर्सी डेव्हिल्स क्लबनं १९८३ मध्येच ड्राफ्टमधून त्याच्यावर हक्क सांगून ठेवला होता. १९८८ च्या ऑलिंपिकनंतर सोडू, असा शब्द त्याला मिळाला. मेडल आलं आणि शब्द फिरला.

अशा वेळी परदेश दौऱ्यात गुपचूप सटकणं हा एक मार्ग होता. पुढं १९८९ मध्ये अलेक्झांडर मोगिल्नी स्टॉकहोममधून असाच अमेरिकेला निघून गेला. फेतिसोव्हला मात्र पळपुटा व्हायचं नव्हतं, त्याला रीतसर परवानगी हवी होती.

मग त्यानं सरळ पेपरात मुलाखत देऊन सांगितलं की तिखोनोव्हच्या हाताखाली आता खेळणार नाही. त्या काळात हे धाडसच. त्याला टीमबाहेर काढलं. पण सहकाऱ्यांनी टीव्हीवर येऊन जाहीर केलं, तो नसेल तर आम्हीही वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळणार नाही. त्याला परत घ्यावं लागलं, टीम जिंकली आणि अखेर सैन्यानं त्याला मोकळं केलं.

वयाच्या ३१ व्या वर्षी तो एनएचएलमध्ये पोहोचला. सुरुवात वाईट झाली. शीतयुद्धाचा राग मनात असलेले प्रेक्षक त्याची हुर्यो उडवायचे. खेळ खुलला तो १९९५ मध्ये डेट्रॉइट रेड विंग्जकडे गेल्यावर. कोच स्कॉटी बोमन यांनी पाच रशियन एकत्र मैदानात उतरवले, 'रशियन फाइव्ह' म्हणून ते आजही ओळखले जातात. १९९७ मध्ये डेट्रॉइटनं ४२ वर्षांनी स्टॅन्ली कप जिंकला.

सहाच दिवसांनी त्यांची लिमोझिन झाडावर आदळली. फेतिसोव्ह बचावला, पण त्याचा जोडीदार व्लादिमिर कॉन्स्टॅन्टिनोव्ह पुन्हा कधीच खेळू शकला नाही. पुढच्या वर्षी टीमनं परत कप जिंकला आणि तो व्हीलचेअरवर बसलेल्या कॉन्स्टॅन्टिनोव्हच्या मांडीवर ठेवला. त्यानंतर चाळिशीतल्या फेतिसोव्हनं निवृत्ती घेतली.

२००२ ते २००८ तो रशियात क्रीडा खात्याचा प्रमुख होता, नंतर खासदार झाला. आणि गंमत बघा, २०१५ मध्ये याच फेतिसोव्हनं रशियन खेळाडूंना २८ वर्षांचे होईपर्यंत परदेशी खेळायला जाऊ देऊ नये, अशी भूमिका घेतली.