डिस्ने वर्ल्डची ट्रिप ठरतेय? मग जेवणाचं टेबल 60 दिवस आधी का बुक करावं लागतं, ते समजून घ्या

जेवायला जायचं म्हणून दोन महिने आधी बुकिंग करायचं, ही गोष्ट आपल्या पचनी पडत नाही. आपली पद्धत साधी आहे. रविवारी संध्याकाळी सगळं कुटुंब घेऊन हॉटेलच्या दारात उभं राहायचं, काउंटरवर नाव लिहायचं, "भाऊ, किती वेळ लागेल?" विचारायचं आणि तोवर शेजारच्या गाडीवर पाणीपुरी खाऊन यायचं.

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ही पद्धत चालत नाही. तिकडे मुलीकडे किंवा मुलाकडे गेलेले आई-बाबा असोत, नाहीतर सुट्टीत इथून पोरांना घेऊन निघालेलं कुटुंब असो, विमान, व्हिसा, पार्कची तिकिटं सगळं नीट केलेलं असतं. जेवणाचा विषय मात्र "तिथं गेल्यावर बघू" म्हणून सोडलेला असतो. मग पोरगी सिंड्रेलाच्या किल्ल्यासमोर उभी राहून "आपण आत जेवायचं ना?" विचारते, आणि ॲपवर त्या आठवड्यातली एकही वेळ शिल्लक नसते.

आधी पसारा बघा. 1 ऑक्टोबर 1971 ला सुरू झालेलं हे ठिकाण जवळपास 100 चौरस किलोमीटरवर पसरलंय. मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम असे चार मोठे पार्क, दोन वॉटर पार्क, वीसहून जास्त हॉटेलं आणि डिस्ने स्प्रिंग्स नावाचा खरेदी-खाण्याचा भाग. एवढ्यात खाण्याच्या जागा शेकड्यांनी आहेत, उपाशी कुणी राहत नाही. अडचण होते ती ठरावीक पंधरा-वीस जागांची, कारण सगळ्या जगाला तिथंच बसायचं असतं.

बुकिंग कशाला लागतं आणि कशाला नाही?

काउंटरवरून ताट घेऊन बसायच्या जागांना क्विक सर्व्हिस म्हणतात. तिथं रिझर्व्हेशन नसतंच. फोनवर डिस्नेचं ॲप असतं, त्यावर ऑर्डर टाकायची, वेळ निवडायची आणि जाऊन उचलायची.

बुकिंग लागतं ते टेबल सर्व्हिसला, म्हणजे वेटर येतो अशा ठिकाणी. त्यातही खरी मारामारी कॅरेक्टर डायनिंगसाठी असते. तुम्ही जेवत असता आणि मिकी, मिनी, डोनाल्ड तुमच्या टेबलापाशी येतात, पोरांना मिठी मारतात, फोटो देतात. हेच फोटो पार्कात उन्हात रांग लावून काढायचे तर प्रत्येक कॅरेक्टरला वेगळी रांग. त्यामुळे लहान पोरं असलेल्या घरांना हा सौदा महाग असूनही परवडतो. शेफ मिकीज, किल्ल्यातलं सिंड्रेलाज रॉयल टेबल, ॲनिमल किंगडममधलं टस्कर हाऊस आणि एपकॉटमधलं गार्डन ग्रिल (याची जमीन जेवता जेवता हळूहळू फिरते) ही त्यातली नेहमीची नावं. कॅरेक्टर नसूनही जागेमुळे भरणारी ठिकाणंही आहेत. स्पेस 220 मध्ये लिफ्टनं अंतराळात नेल्याचा देखावा करतात आणि जेवताना खिडकीतून खाली पृथ्वी दिसते.

60 दिवसांचं गणित

कोरोनाच्या आधी हे बुकिंग 180 दिवस आधी उघडायचं. म्हणजे सहा महिन्यांनी मंगळवारी रात्री आपण काय खाणार, हे लोक आज ठरवायचे. आता ही मुदत 60 दिवसांवर आली आहे.

पण सगळ्यांसाठी 60 दिवस सारखे नसतात. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात राहणाऱ्यांना चेक-इनच्या 60 दिवस आधी मुक्कामाच्या पुढच्या 10 दिवसांपर्यंतचं सगळं बुकिंग एकाच वेळी करता येतं. बाहेर राहणाऱ्यांना मात्र रोज फक्त एक नवा दिवस उघडतो.

समजा तुम्ही 10 नोव्हेंबरला पोहोचणार आहात. त्याच्या 60 दिवस आधीची तारीख येते 11 सप्टेंबर. डिस्नेच्या हॉटेलात राहणारा माणूस त्या दिवशी 15 नोव्हेंबरचं टेबलही धरून मोकळा होतो. बाहेर राहणाऱ्याला 15 नोव्हेंबरसाठी 16 सप्टेंबरपर्यंत थांबावं लागतं, तोवर चांगल्या वेळा गेलेल्या असतात. म्हणून डिस्नेच्या हॉटेलात राहत असाल तर सगळ्यात अवघड जागा मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत टाका. तिथं तुमच्याशी स्पर्धा करणारे लोक अजून दारातच उभे असतात. बाहेर राहत असाल तर रोज उठून बघायची तयारी ठेवा, नाहीतर किल्ल्याचा हट्ट सोडा.

आपल्यासाठी यात एक गंमत आहे. गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन यांत साधारण 55 दिवसांचं अंतर असतं. 2026 मध्ये चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत डिस्नेला जाणाऱ्या मराठी घराचा बुकिंगचा दिवस जवळपास दरवर्षी गणपती येण्याच्या आदल्या आठवड्यात पडतो. मखराचं सामान आणायला बाजारात गेलेलं असताना हे विसरणं अगदी सोपं आहे. फोनमध्ये आठवण लावून ठेवा.

वेळ मात्र आपल्या सोयीची आहे. ऑनलाइन बुकिंग फ्लोरिडाच्या वेळेनं सकाळी सहाच्या सुमारास उघडतं. अमेरिकेतले लोक त्यासाठी गजर लावून उठतात. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात तिकडची घड्याळं एक तास मागं जातात, तेव्हा आपले साडेचार. त्यामुळे लेक तिकडे असेल तर तिनं पहाटे उठण्यापेक्षा इथल्या बाबांनी दुपारचा चहा घेता घेता बुकिंग करणं जास्त शहाणपणाचं. फक्त डिस्नेचं खातं आधीच उघडून ठेवा, लॉगिन करून बघा आणि बुकिंगला द्याल त्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत ना, ते बँकेच्या ॲपमध्ये तपासा.

मोठं कुटुंब, मोठी अडचण

आपण फिरायला निघतो ते सहा-आठ जण. आजी-आजोबा, कधी काका-काकू. रेस्टॉरंटात चार जणांची टेबलं जास्त असतात, आठ जणांची थोडी. त्यामुळे आठ जणांसाठी शोधलं की ॲप नाही म्हणतं आणि तेच चार जणांसाठी शोधलं की वेळ दिसते. अशा वेळी दोन जणांनी आपापल्या खात्यावरून शेजारच्या वेळांना चार-चारची दोन बुकिंग करायची आणि दारात गेल्यावर टेबलं जवळ देता येतील का, ते विचारायचं. मिळतीलच असं नाही. पण एक टेबल इकडे, एक तिकडे बसून जेवणं हे आठ जणांनी बाहेर उभं राहण्यापेक्षा बरं.

आता पैशांचं बोलू, कारण धक्का इथं बसतो. 10 वर्षं पूर्ण झालेलं मूल डिस्नेच्या हिशोबात प्रौढ असतं. 3 ते 9 वर्षांच्या मुलांना बालदर लागतो. तीन वर्षांखालच्यांना बुफेमध्ये पैसे पडत नाहीत.

सहा जणांचं घर धरा. आई, बाबा, आजी, आजोबा, 11 वर्षांचा मुलगा आणि 4 वर्षांची मुलगी. हिशोबासाठी कॅरेक्टर जेवण प्रौढाला 60 डॉलर आणि मुलाला 40 डॉलर समजू. किल्ल्यात याहून बरंच जास्त पडतं. पाच प्रौढांचे 300 आणि एका मुलीचे 40, झाले 340. त्यावर साडेसहा टक्के कर, म्हणजे 22 डॉलर. शिवाय सहा किंवा जास्त जण असतील तर 18 टक्के टिप बिलातच लावतात, ती 61 डॉलर. एकूण 423. डॉलर 90 रुपयांना धरला तर एका जेवणाचे 38 हजार रुपये! आणि आजी म्हणणार, "मी फक्त भात आणि थोडं फळ खाल्लं." बुफेचे पैसे डोक्यावर असतात, ताटावर नाही.

म्हणूनच माझं मत विचाराल तर चार-पाच दिवसांच्या ट्रिपमध्ये कॅरेक्टर जेवण एकच ठेवा. तेही नाश्त्याला, कारण तो रात्रीच्या जेवणापेक्षा स्वस्त पडतो. वेळ साडेदहाच्या आसपासची मिळाली तर सकाळच्या कमी रांगांच्या दोन तासांत मोठ्या राइड उरकून घ्यायच्या आणि मग नाश्ता नि जेवण एकदमच करायचं.

कुठलं रेस्टॉरंट, यापेक्षा ते कुठं आहे ते बघा

रील बघून ठरवणारे इथंच फसतात. एपकॉटमध्ये दुपार घालवायची आणि सहा वाजता मॅजिक किंगडममध्ये जेवायचं, असं कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात पार्कातल्या रेस्टॉरंटमध्ये जायला त्या पार्कचं तिकीट लागतं. एका दिवसात दोन पार्क करायचे तर पार्क हॉपर हे महागडं तिकीट घ्यावं लागतं, रेस्टॉरंटचं बुकिंग म्हणजे प्रवेश नाही. शिवाय मॅजिक किंगडमला गाडीनं जाणाऱ्यांना पार्किंग तळ्याच्या अलीकडे मिळतं. तिथून मोनोरेल किंवा बोटीनं पलीकडे जायचं. यात सहज पाऊण तास जातो.

हॉटेलातल्या रेस्टॉरंटना पार्कचं तिकीट लागत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पोहोचल्याचा दिवस किंवा मधला आरामाचा दिवस असेल तेव्हा तिथं जेवायला जायचं. शेफ मिकीज ज्या कंटेम्पररी हॉटेलात आहे, तिथून मॅजिक किंगडम चालत दहा मिनिटांवर आहे.

मराठी घरांसाठी मात्र मी सना हे नाव पुढे करेन. ॲनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमध्ये ते आहे. आफ्रिकी आणि भारतीय चवींचं मिश्रण, खिडकीबाहेर मोकळं रान आणि त्यात चरणारे झेब्रे, जिराफ. तिथली ब्रेड सर्व्हिस प्रसिद्ध आहे. नान, कुलचा, पनीर पराठा असे प्रकार आणि सोबत नऊ तऱ्हेच्या चटण्या नि डिप. अमेरिकन लोक त्याच्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करून जातात. प्राणी बघायचे तर बुकिंग उजेड असतानाचं घ्या, अंधार पडल्यावर काचेत फक्त आपणच दिसतो.

शाकाहारी लोकांनी मेन्यूवरचं पानाचं चिन्ह ओळखून ठेवावं. त्या पदार्थात मांस, दूध, अंडं, मध यातलं काही नसतं. नुसतं व्हेजिटेरियन लिहिलेलं असेल तर अंडं असू शकतं, तेव्हा अंडं न खाणाऱ्यांनी विचारूनच घ्यावं. पानाच्या चिन्हात कांदा-लसणाची हमी नाही, त्यामुळे जैन जेवण लागत असेल तर वेटरला स्पष्ट सांगून शेफशी बोलायची विनंती करावी. ॲनिमल किंगडममधल्या पँडोरा भागात सातुली कॅन्टीन आहे, तिथं टोफू घालून भाताचा बोल मिळतो. बुकिंगही लागत नाही.

टेबल मिळालंच नाही तर?

60 व्या दिवशी हुकलं म्हणजे संपलं असं नाही. बहुतेक रेस्टॉरंटांत बुकिंगच्या वेळेच्या दोन तास आधीपर्यंत रद्द केलं तर पैसे कापत नाहीत. त्यानंतर रद्द केलं किंवा गेलाच नाहीत तर माणशी 10 डॉलर जातात, सहा जणांचे 60. त्यामुळे ज्यांनी तीन-तीन जागा धरून ठेवलेल्या असतात, ते आदल्या रात्री आणि त्या दिवशी दोन तासांची मुदत संपायच्या आत नको असलेल्या सोडतात. ॲप उघडून बघण्याची खरी वेळ हीच. सोबतच्या कुणातरी एकाकडे हे काम देऊन टाकावं, बहुतेक घरांत कॉलेजला जाणारं कुणीतरी असतंच.

काही रेस्टॉरंटांची त्याच वेळची वेटिंग लिस्टही ॲपवर दिसते. जवळपास असाल तर नाव टाकता येतं आणि टेबल तयार झालं की मेसेज येतो. म्हणजे आपली नाव लिहून पाणीपुरी खायला जायची पद्धत तिथंही आहे, फक्त काउंटरवरचा भाऊ नाही.

आणि डबा? तो चालतो. आपल्याकडच्या अनेक पार्कांत गेटवर बॅग उघडून खाणं बाहेर ठेवायला लावतात. डिस्ने वर्ल्डमध्ये काचेची भांडी आणि दारू सोडून घरचं खाणं-पिणं आत नेता येतं. क्विक सर्व्हिसच्या काउंटरवर थंड पाणी मागितलं तर फुकट मिळतं. तिकडच्या इंडियन स्टोअरमधून थेपले आणि चिवडा घेऊन सकाळी बॅगेत टाकला तर दुपारी एक वाजता, सगळ्या काउंटरवर गर्दी असताना, आजी-आजोबांना कुठल्याही बुकिंगशिवाय सावलीत बसून खाता येतं.