बुटाला वास का येतो?

मंडळी, विषय ऐकून पुढच्या रांगेत काही जण हसले. हसू द्या. आपला धाराशिव जिल्हा खो-खोचा. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार सारिका काळे इथल्याच. 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कारही मिळाला. पूर्वी हा खेळ मातीवर, अनवाणी. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात, म्हणजे बूट आले. बुटांचा जोड एकच. सकाळी सराव, दिवसभर शाळा, संध्याकाळी पुन्हा सराव. ते वाळायचे कधी? मग वसतिगृहात कुणीतरी नाक मुरडतं, आणि चौदा वर्षांची पोर चारचौघींत बूट काढायचं टाळते. वासावरून आपण माणसाची स्वच्छता ठरवतो, आणि खरं बोलायचं तर त्याचं घर आणि जातही. म्हणून आम्हाला हा विषय किरकोळ वाटत नाही.

वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचाच विशेष गुण मानला. पाण्याला स्वतःचा गंध नाही. आला, तर त्यात दुसरं काही मिसळलंय असं समजावं. त्यांची पंचमहाभूतं आज प्रयोगशाळेत कुणी वापरत नाही, पण घामाला हे म्हणणं चपखल बसतं. तळपायाचा घाम म्हणजे बहुतांशी पाणी आणि थोडं मीठ. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. बुटाच्या अंधाऱ्या ओलाव्यात जीवाणू घामातली अमिनो आम्लं आणि झिजलेली कातडी खातात आणि आयसोव्हॅलेरिक आम्लासारखी द्रव्यं सोडतात. वास येतो तो त्यांचा. काही विलायती चीजचा वास याच कुळातला, आणि तो लोक पैसे मोजून खातात!

तेव्हा बूट वाळला की निम्मं काम झालं. खेळून आल्यावर नाड्या पूर्ण सैल करायच्या, जीभ बाहेर ओढायची, आतला सोल काढून वेगळा ठेवायचा. जुनं वर्तमानपत्र चुरगाळून आत कोंबायचं आणि तासाभरानं बदलायचं. आपल्याकडे पाण्याची टंचाई, पण कोरडं ऊन फुकट! मात्र सकाळचं घ्यावं. दुपारच्या कडक उन्हात चिकटवलेला तळ सुटतो. पावसाळ्यात पंखा आहेच. रात्री चमचाभर खाण्याचा सोडा शिंपडून सकाळी झटकून टाकावा. आम्लाचं सोड्याशी मिळून मीठ बनतं, ते हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोचत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र मात्र नको, दोघं एकमेकांनाच संपवतात. अत्तर मारलं तर एकाऐवजी दोन वास. बूट फ्रीजरमध्ये ठेवले तर बरेचसे जीवाणू नुसते झोपतात.

शिव नाडर विद्यापीठाच्या विकास कुमार आणि सार्थक मित्तल यांनी चपलांच्या रॅकमध्येच अतिनील दिवा बसवायची कल्पना मांडली. 2025 साली त्यांना इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार.

पिशवीचं गणित वेगळं नाही. ओले मोजे आत रात्रभर राहिले की संपलं. त्यातून पॉलिएस्टरची जर्सी सुती कापडापेक्षा वास जास्त धरून ठेवते. पिशवी त्याच संध्याकाळी रिकामी करून उलटी टांगावी. बोटांच्या बेचक्यात खाज येत असेल, कातडी पांढरी पडून सोलत असेल, तर त्या चिखल्या. तिथं सोड्याचा उपयोग नाही, डॉक्टरांना दाखवावं.

क्रीडाशिक्षकांना एवढंच सांगू: मैदानाकडच्या भिंतीला, हवा लागेल अशी, बूट ठेवायला एक फळी ठोका. ती सगळ्यांसाठी असावी, कुणा एकीसाठी नको.