कापाकापीपेक्षा काळ्या पट्ट्या बऱ्या

दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’नंतर मुंबई सोडून नाशिकला बिऱ्हाड हलवलं. १९१९ चा ‘कालिया मर्दन’ नाशिकच्याच हिंदुस्थान फिल्म्सचा. मूकपटाची चौकट तेव्हा ४:३ होती आणि पुढे टीव्हीनंही तीच उचलली. त्यामुळे १९५९ चा ‘कागज के फूल’ सिनेमास्कोपमध्ये आला, तेव्हाच पुढची अडचण ठरून गेली होती: एवढं रुंद चित्र चौकोनी पडद्यावर बसवायचं कसं? मार्ग तीनच. चित्र आडवं दाबलं तर माणसं काटकुळी दिसतात, थाळीचं अंडं होतं. या मार्गाची वकिली कोणी करत नाही. बाजू कापल्या तर पडदा भरतो, पण स्कोप चित्रपटाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग जातो. दोन टोकांना उभ्या असलेल्या माणसांपैकी एकालाच जागा मिळते, आणि कॅमेऱ्याची जी हालचाल दिग्दर्शकानं केलीच नाही ती संकलक नंतर करतो. तिसरा मार्ग वर-खाली काळ्या पट्ट्यांचा. सभागृहातल्या १०२४ बाय ७६८ च्या जुन्या प्रोजेक्टरवर १६:९ चा व्हिडिओ लावला, की तो १०२४ बाय ५७६ उरतो. वर ९६, खाली ९६ ओळी काळ्या. माझं मत या पट्ट्यांच्या बाजूनं आहे.

यावर लोक म्हणतात, पैसे पूर्ण पडद्याचे मोजले, मग पाव पडदा रिकामा का? शिवाय मागच्या रांगेला उपशीर्षकं दिसत नाहीत. दुसरी तक्रार खरी आहे, पण उपशीर्षकं खालच्या काळ्या पट्टीत मोठ्या अक्षरांत टाकता येतात. पहिली मात्र पटत नाही. पडदा भाड्यानं घेतला म्हणून चित्र कापायचा हक्क मिळत नाही. हे पटत नसेल तर उलट बाजूनं बघा. ‘कालिया मर्दन’ आजच्या रुंद टीव्हीवर कडेला पट्ट्या न ठेवता पसरवला, तर उंचीचा चौथा हिस्सा उडतो. कालियाच्या फण्यावरचा कृष्ण, म्हणजे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, डोक्यासकट दाखवायची तर खालचा नाग कापावा लागतो. तेव्हा मात्र ओरडा होईल, आणि व्हायलाच हवा!

भाषणाच्या चित्रणाची गोष्ट निराळी. वक्ता मधोमध, बाजूला रिकामी भिंत. तिथं खुशाल कापावं. थोडं कापून थोड्या पट्ट्या ठेवण्याची १४:९ ची तडजोडही चालते. फक्त कापण्याआधी व्हिडिओ शेवटपर्यंत बघावा, कारण प्रश्न विचारणारा श्रोता बहुधा कडेलाच उभा असतो.