पेपरातील पहिली दहा मिनिटे

आमच्या अध्यापनाच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही विद्यार्थ्यांना एक नियम मोठ्या निष्ठेने सांगत असू : प्रश्न क्रमाने सोडवा, मधला प्रश्न सोडून पुढे जाऊ नका. वसतिगृहात राहणारी एक ऊसतोड कामगाराची मुलगी हा नियम उराशी धरून इतिहासाच्या पेपरला बसली. ‘कारणे लिहा’ या प्रश्नातील एक कारण तिला आठवेना. आठवेल, आठवेल म्हणत ती तिथेच अडकून राहिली. शेवटी घंटा झाली तेव्हा सविस्तर उत्तरांचा प्रश्न कोरा राहिला होता, आणि तीच उत्तरे तिला उत्तम येत होती. ती उत्तीर्ण झाली. पण हातचे गुण गेले. त्यात दोष तिचा नव्हता, आमच्या शिकवणुकीचा होता. त्या दिवसापासून अभ्यासाइतकेच पेपर सोडविण्याचे तंत्रही शिकवावे लागते, हे आम्ही मान्य केले.

मन घाबरते तेव्हा नेमके काय घडते? श्वास उथळ होतो, हृदयाची धडधड वाढते, आणि मनात एका वेळी जेवढ्या गोष्टी धरून ठेवता येतात, त्यांतील बरीच जागा भीतीच व्यापून टाकते. उत्तर विसरलेले नसते. ते वर येण्यास वाट मिळत नाही. म्हणून प्रश्नपत्रिका हाती येताच पाच-सहा श्वास संथपणे घ्यावेत आणि सोडताना अधिक वेळ लावावा. दीर्घ निःश्वासाने हृदयाची गती मंदावते. आपल्या शाळेत सकाळच्या वंदनेनंतर आनापानाचा सराव होतो, त्याचा परीक्षेशी संबंध तो हाच. मात्र वर्षभर न केलेला सराव पेपरच्या दिवशी अचानक उपयोगी पडत नाही.

यानंतर वाचन. राज्य मंडळाच्या परीक्षेत पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी मिळत असे. 2023 पासून ती पद्धत बंद झाली आणि तेवढीच दहा मिनिटे पेपरच्या शेवटी वाढवून दिली गेली. वेळ तेवढाच राहिला. परंतु वाचनासाठी राखलेला वेळ लेखनात मिसळून गेला. पुष्कळ मुले आता पेपर हाती पडताच लिहू लागतात. आमचे सांगणे असे, की ती पहिली दहा मिनिटे आजही वाचनालाच द्यावीत. सूचना वाचाव्यात, ‘कोणतेही दोन’ हे शब्द पाहावेत आणि प्रश्नांचे तीन गट करावेत : पक्के येणारे, विचार केल्यास येणारे व न आठवणारे. प्रश्नपत्रिकेवर बैठक क्रमांकाखेरीज काही लिहायचे नसते, म्हणून ही विभागणी मनातच करावी.

मग हिशेब मांडावा. इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर 40 गुणांचा व दोन तासांचा. वाढीव वेळ धरून 130 मिनिटे. वाचनाची 10 आणि तपासणीची 10 वजा केली की 110 उरतात. एका गुणाला अडीच मिनिटे धरल्यास 100 मिनिटे लागतात आणि 10 मिनिटे अडचणीसाठी शिल्लक राहतात. म्हणजे दोन गुणांच्या टिपेला पाच मिनिटे. येते म्हणून तिच्यावर दोन पाने लिहिणे हीसुद्धा, न येणाऱ्या प्रश्नापाशी अडकण्याइतकीच, मोठी चूक आहे.

प्रारंभ पक्क्या येणाऱ्या प्रश्नाने करावा. हात चालू लागला की मन स्थिरावते. त्यानंतर अधिक गुणांचे, विचाराचे प्रश्न घ्यावेत, कारण थकलेल्या मनाला मांडणी जमत नाही. न आठवणारे शेवटी. त्यांच्यासाठी जागा सोडावी आणि पुढे जावे. दुसरे उत्तर लिहिता लिहिता पहिल्याचा धागा पुष्कळदा सापडतो. क्रम बदलला तरी प्रश्न व उपप्रश्न क्रमांक अचूक घालावा, नाहीतर तपासणाऱ्याचा गोंधळ होतो. गणितात उत्तर पूर्ण येत नसेल तरी येतील तेवढ्या पायऱ्या लिहाव्यात, कारण पायऱ्यांनाही गुण असतात.

हे तंत्र अभ्यासाची जागा घेऊ शकत नाही. ते केवळ केलेल्या अभ्यासाचे मोल पदरात पाडून देते. ज्यांच्या घरात शिक्षणाची परंपरा आहे, त्यांना या गोष्टी जेवताना, बोलताना कानावर पडतात. आपल्या पुष्कळ मुलांच्या घरी दहावीचा पेपर पाहिलेले कोणीच नसते. बाबासाहेब 1907 मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा आपल्या समाजात ही घटना अपूर्व ठरली होती. आज आपली मुले शेकड्यांनी परीक्षेस बसतात. पण त्यांतील कित्येक जण आपल्या घरातले पहिलेच असतात.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : पेपर देऊन आलेल्या मुलास ‘किती गुण पडतील?’ असे विचारू नये. ‘कोणता प्रश्न आधी घेतलास, आणि का?’ असे विचारावे. ज्या घरात हा प्रश्न विचारला जाईल, तिथल्या धाकट्या भावंडाला तो नियम आमच्याकडून शिकण्याची गरज उरणार नाही.