‘रिस्पेक्ट’ कोणाचं?

अरीथा फ्रँकलिनचं ‘रिस्पेक्ट’ तिने स्वतः लिहिलं, तेही स्त्रीमुक्ती चळवळीसाठी, असं अनेक जण ठामपणे सांगतात. मुळात गाणं ओटिस रेडिंगचं. त्याने ते १९६५ मध्ये लिहिलं, गायलं आणि ते चाललंही. त्यात कामावरून घरी परतणारा पुरुष बायकोकडे मान मागतो. चळवळीचा तिथे मागमूस नाही.

मग अरीथाने फक्त दुसऱ्याचं गाणं गायलं का? हा उलट टोकाचा गैरसमज, आणि मला तो जास्त खटकतो. १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत तिने ते गाणं नव्याने घडवलं. पियानोवर ती स्वतः बसली होती. मागे कॅरोलिन आणि अर्मा या तिच्या बहिणी. गाण्याचं नाव एकेक अक्षर सुटं करून ठणकावून म्हणायचं, ही आज जगभर ओळखली जाणारी जागा ओटिसच्या गाण्यात नाहीच. बहिणी मागून झपाट्याने जे म्हणत राहतात, तेही नाही. मधला सॅक्सोफोनचा तुकडासुद्धा नवा: सॅम अँड डेव्ह यांच्या एका गाण्याचे कॉर्ड्‌स घेऊन किंग कर्टिसने तो वाजवला. शब्दांत थोडेच फेरफार झाले, पण बोलणारी आता बाई होती, आणि तिच्याजवळ स्वतःचा पैसा होता. विनवणीची मागणी झाली. जूनमध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. स्त्रियांनी आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांनी ते आपलं मानलं, ते त्यानंतर.

अरीथा डेट्रॉइटमध्ये वाढली, म्हणून काही जण हे गाणं तिथल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या खाती टाकतात. तिचा मोटाउनशी करार नव्हता. साथीला अलाबामातल्या मसल शोल्सचे वादक होते, पण त्यांना न्यूयॉर्कला बोलावून घेतलं होतं.

या गाण्याने अरीथाला रेडिओवरून रग्गड पैसा मिळवून दिला असणार, हा समजही चुकीचाच. अमेरिकेत रेडिओ केंद्रावर गाणं वाजलं की रॉयल्टी गाणं रचणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळते, गाणाऱ्याला नाही. ओटिस १९६७ च्या डिसेंबरमध्ये विमान अपघातात गेला; त्याच्यामागे ही रॉयल्टी त्याच्या वारसांकडे जाणं रास्तच. पण अक्षरांची ती जागा अरीथाची असूनही रेडिओच्या हिशेबात तिचं नाव नव्हतं. २०१८ मध्ये ती वारली, तेव्हाही नियम तोच होता.